खांबाचं पाऊल

१४ जानेवारी

मामा,

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करते, मग तुझी. कसा आहे तो? ऑपरेशनला सात महिने झाले. फोनवर विचारलं की तू "हं" म्हणतोस. त्या "हं"चा अर्थ लावण्यात आईचे आणि माझे दोन दिवस जातात, म्हणून हे पत्र.

मला नोकरी लागून आज चौतीस दिवस झाले. (सुट्ट्या धरून. कामाचे चोवीस.) वजनमापे कार्यालय, दुसरा मजला, पश्चिमेच्या खिडक्या. दुकानदार आपापली वजनं आणि मीटरपट्ट्या घेऊन येतात. आम्ही तपासतो, बरोबर असेल तर मोहोर उठवतो, नसेल तर परत. चारच्या सुमाराला ऊन मांडणीवर येतं आणि पितळी वजनं आतून दिवा लागल्यासारखी दिसायला लागतात. मोठी मागे, लहान पुढे, घरातला फोटो काढायला उभी राहिल्यासारखी. त्या वेळी कुणी फारसं बोलत नाही. मला वाटतं साहेबांनाही ते आवडतं, पण ते तसं कबूल करणार नाहीत.

पहिल्या दिवशी साहेबांनी मखमलीच्या पेटीतला प्रमाण मीटर दाखवला. सगळ्या पट्ट्या शेवटी त्याच्याशी ताडून बघायच्या. म्हणाले, "हात लावायचा नाही. श्वाससुद्धा बाजूला सोडायचा." मी श्वास बाजूला सोडला आणि मला हसूच आलं. मनात आलं, हा तर मामा!

तुला आठवतं का, ते मला माहीत नाही. नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्या छातीच्या दुखण्यापायी मला शाळेत घातलं नव्हतं. अक्षरं आईकडे आणि अंक तुझ्याकडे, अशी तुम्ही भावंडांनी वाटणी केली होती. तुझ्या सामन्यांचा हंगाम संपला की तू मला रिकाम्या मैदानावर न्यायचास. "माझं एक पाऊल म्हणजे एक मीटर. मीटर म्हणजे काय ते पुस्तकात बघू नकोस, इथे बघ." सगळे पाढे मी तुझ्यामागून चालत पाठ केले. त्यामुळे मीटर ही वस्तू असते, तिला पेटी असते, हे मला फार उशिरा कळलं.

आई अजून रागावलेली आहे. "अठरा वर्षं धावला, आता तरी बसेल असं वाटलं होतं. क्लबाने खुर्ची दिली, पंखा दिला, ते सोडून हा गवत कापायला गेला!" असं म्हणते आणि मग तुझ्यासाठी मोजे विणायला घेते. खरं सांग, खुर्ची का सोडलीस? आणि ते नवं मैदान कसं आहे?

तुझी,
शंकाबाई


२९ जानेवारी

शंकाबाई,

गुडघा म्हणतो, बरा आहे. मी म्हणतो, तो थोडा थापा मारतो.

खुर्चीचं सांगतो. चांगली होती, फिरायची. येणाऱ्या पाहुण्याशी हात मिळवायचा, "हाच तो खांब" असं कुणीतरी म्हणायचं, आणि पाहुणा मला तो एकच गोल आठवून द्यायचा. आयुष्यात तीन गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. लोकांच्या लक्षात तोच. त्याआधी टीव्हीवर बोलायला बसवलं होतं, ते तू पाहिलंसच. त्यांनी मत विचारलं, मी विचार करायला लागलो, तोवर जाहिरात आली. एका हंगामात माझे सगळे विचार जाहिरातींनी खाल्ले. सगळ्यांना माझा हात हवा होता, चेहरा हवा होता. पाय कुणालाच नको होते. आणि शनिवार उजाडला की पाय तर आपोआप जागे होतात, बाई. पांघरुणाखाली हलतात. त्यांना कोण सांगणार की सामना नाही?

इथे मात्र पायांना काम आहे. मैदान एका छोट्या क्लबाचं आहे. नोकरी करणाऱ्या बायकांचा संघ. कप्तान दातांची डॉक्टर, त्यामुळे तिच्यासमोर कुणी तोंड वर करून बोलत नाही. चिटणीस म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर. मी गवत बघतो, रेघा मारतो आणि संध्याकाळी शिकवतो.

सकाळी धुकं असतं. कुंपण दिसत नाही, गोलचे खांब अर्धे दिसतात. अनवाणी चालतो, दव असतं, मागे वळून पाहिलं की माझी पावलं गवतात उमटलेली असतात. फक्कीचा डबा घेऊन मोजत जातो. कधीकधी वाटतं, पलीकडच्या अर्ध्यात कुणीतरी खेळतंय. चेंडूचा आवाज येतो, कुणीतरी माझ्या नावाने हाक मारतं, "खांब, मागे माणूस!" मी वळतो. तिथे कुणी नसतं, पण वळताना मी पंचविशीतला असतो.

टेप कधी वापरली नाही. सतरा वर्षांचा असताना आमच्या जुन्या प्रशिक्षकांनी चार महिने मला पट्टीवरून चालवलं होतं. म्हणायचे, बचाव करणाऱ्याला मान न वळवता कळलं पाहिजे आपला गोल किती मागे आहे. तेव्हापासून कुठल्याही मैदानावर सामन्याच्या आदल्या दिवशी चालून यायचो. पाऊल कधी चुकलं नाही.

इथली मापं मात्र गमतीची आहेत. पोस्टमास्तर म्हणतात, गोलपासून गोलपर्यंत बरोबर शंभर मीटर. माझी पावलं भरतात एकशे नऊ. त्यांना पाकिटं मोजायची सवय, मैदान काय मोजणार! आणि घरापासून फाटकापर्यंत, गेल्या वर्षी जागा बघायला आलो तेव्हा चारशे पावलं होती म्हणून घर घेतलं. आता चारशे छत्तीस होतात. पालिकेने रस्ता ताणला बहुतेक.

एप्रिलमध्ये फुटबॉल संघटनेचा तपासनीस येणार आहे. मैदान पास झालं तर पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धेचे सामने इथे. नाही झालं तर पालिका ही जागा गाड्या उभ्या करायला घेणार. पोस्टमास्तरांची झोप उडाली आहे. मी त्यांना म्हटलं, रेघा खांबाच्या पायांनी मारल्या आहेत, निवांत घोरा.

एकच दुखणं, आमची गोलकीपर. शिवणकाम करते, आम्ही तिला शिंपीणच म्हणतो. उंच, चपळ, नजर सुईसारखी. पण घरच्या मैदानावर पेनल्टी आली की संपली. सातपैकी सात आत. आणि आमची डॉक्टर इथे एकही पेनल्टी चुकवत नाही, बाहेर गेली की थेट आडव्या खांबावरून. बायकांचं काय चाललंय, मला कळत नाही.

तुझा,
मामा


६ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. (चारदा. एकदा नुसतं धुक्यापर्यंत.)

आमच्याकडे एक कापडवाला आला होता. त्याची लाकडी पट्टी आजोबांच्या वेळची, टोकं झिजून गोल झालेली. मापली तर बरीच कमी. साहेबांनी सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. पट्टी उलटीपालटी करून बघत बसला आणि म्हणाला, "हिने माझ्या वडिलांना शिकवलं." मी दुपारभर काही खाल्लं नाही. त्या पट्टीने फसवलं नव्हतं, ती नुसती झिजली होती. पण गिऱ्हाइकाला कापड कमीच गेलं ना?

हे मी तुला का सांगतेय कोण जाणे.

तुझ्या वाढदिवसाला अजून वेळ आहे, पण भेट आधीच पाठवते आहे. पन्नास मीटरची कापडी टेप, पिवळी, आमची मोहोर उठवलेली. तपासनीस येतील तेव्हा क्लबाकडे अशी एखादी असावी, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

शिंपिणीला फार बोलू नकोस. चूक तिची नसेलही.

तुझी,
शंकाबाई

ता. क. "दुसरं काही कारण नाही" हे वाक्य मला टोचतंय, पण पाकीट बंद केलं आहे आणि हे मी पाठीवर लिहिते आहे.


२० फेब्रुवारी

शंकाबाई,

टेप पोचली. झकास आहे. फाटकापासून आंब्याच्या झाडापर्यंत ताणून बांधली आणि संघाचे सगळे टीशर्ट वाळत घातले. पन्नास मीटरमध्ये दोन संघांचे बसतात. डॉक्टर म्हणाली, "भाचीला सांगा, छान दोरी आहे." तुझी मोहोर मधोमध आली आहे, सातव्या नंबरच्या बाहीखाली.

तुझा कापडवाला आवडला. पण तू उपाशी कशाला राहिलीस? तू लहानपणी अशीच होतीस. बेरीज चुकली की जेवायची नाहीस, आणि तुझी आई मला रागवायची.

तू विचारलं नाहीस, तरी एक सांगतो. टेप मी वापरत नाही हा गर्व असेल थोडा. पण तेवढंच नाही. शेवटचा सामना खेळून कपडे बदलायच्या खोलीत बसलो होतो, तेव्हा बुटांच्या नाड्या सोडवत नव्हत्या हातांना. वाटलं, आता ह्या अंगाचं काय करायचं? इतकी वर्षं ते दुसऱ्यांचं होतं. डॉक्टर त्याला बघायचे, प्रशिक्षक त्याला वजनावर उभं करायचे, लोक त्याला शिव्या द्यायचे, सगळ्यांना त्याची काळजी. मग एके दिवशी ते माझ्याकडे परत आलं, वापरलेलं, आणि मला काही त्याचा उपयोग ठाऊक नव्हता. इथे सकाळी पाऊल टाकलं की मैदान त्याला होकार देतं. एक, दोन, तीन, अकरा, फक्की. एवढी एक गोष्ट ह्या पायांना अजून बिनचूक येते. ती येते तोवर मी कुणीतरी आहे.

शिंपिणीला मी बसवलं. परवा पुन्हा पेनल्टीवर गोल, आठवा. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या हातात सुई शोभते, चेंडू नाही." तिने हातमोजे काढून नीट एकावर एक ठेवले, बाकावर जाऊन बसली. तपासनीस येईल त्या आठवड्यात नवी मुलगी उभी करणार आहे. हळहळ वाटते, पण खेळ म्हणजे खेळ.

तुझा,
मामा


२८ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी सहा वेळा लिहिलं. पहिल्या पाचांत मी शहाणी दिसत होते, म्हणून फाडली. हे सरळ लिहिते.

तुझं पाऊल आता मीटरभर राहिलेलं नाही.

शंभर मीटरच्या मैदानाला तुझी एकशे नऊ पावलं पडतात. चारशेच्या रस्त्याला चारशे छत्तीस. मी दोन्ही भागाकार केले. दोन्हींचं उत्तर एकच येतं, एक्क्याण्णव सेंटिमीटर आणि वर थोडं. पोस्टमास्तर चुकू शकतात, पालिका चुकू शकते, पण दोघं मिळून एवढं सारखं कसं चुकतील? ऑपरेशननंतर तुझा उजवा पाय तेवढा पुढे पडत नसणार. तुला ते कळणार नाही, कारण तुझ्या मनातलं पाऊल अजून तेच आहे.

तुझी अकरा पावलं म्हणजे दहा मीटर आणि नऊ सेंटिमीटर. पेनल्टीची खूण गोलपासून अकरा मीटरवर हवी, ती जवळजवळ मीटरभर पुढे आहे. म्हणून डॉक्टर घरी चुकत नाही, आणि बाहेर चेंडू वरून जातो. म्हणून शिंपीण आठ वेळा हरली. ती हरली नाही मामा, तिला वेळच मिळाला नाही.

हे मला तुझं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं. चौथ्या वाचनाला खात्री झाली. आणि मी तुला टेप पाठवली आणि कापडवाल्याची गोष्ट सांगितली, म्हणजे तू आपण होऊन समजशील आणि मला बोलावं लागणार नाही. हा भित्रेपणा होता. मी ऑफिसात रोज अनोळखी माणसांना सांगते की तुमचं माप कमी आहे, आणि माझ्या माणसाला सांगू शकले नाही. त्या पंधरा दिवसांत तू त्या बाईला सगळ्यांसमोर बोललास. ते बोलणं निम्मं माझं आहे.

एक गोष्ट मला स्वतःलाच तपासून बघायची होती. तुझं पाऊल पूर्वी तरी खरं होतं का? नसेल तर माझे सगळे पाढे हवेत. म्हणून काल सगळे गेल्यावर आमच्या तपासणीच्या वऱ्हांड्यात चालले, जिथे जमिनीवर तीस मीटरची पितळी पट्टी बसवली आहे. तू शिकवलंस तसं, तुझ्या पावलाएवढं पाऊल टाकत, पट्टीकडे न बघता. तीस पावलं. टाच बरोबर शेवटच्या खुणेवर. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. खिडकीतून येणारं ऊन पट्टीवरून सरकत होतं आणि मला वाटत होतं, तू पुढे चालतो आहेस आणि मी नऊ वर्षांची आहे.

तू रागावशील. रागाव. पण टेप सोडवून एकदा मोज.

शंकाबाई


१६ मार्च

मामा,

सोळा दिवस झाले. आईने फोन केला तेव्हा तू "हं" म्हणालास असं ती म्हणते. कोणत्या प्रकारचं "हं" होतं, ते तिला सांगता आलं नाही.

पाहिजे तर पत्र लिहू नकोस. कोऱ्या कागदावर एक फुली मारून पाठव.


२१ मार्च

शंकाबाई,

रागावलो होतो. नऊ दिवस. त्यातले पहिले चार तुझ्यावर, पुढचे तीन गुडघ्यावर, उरलेले दोन कुणावर ते समजेना.

दहाव्या दिवशी टीशर्ट काढले आणि टेप सोडवली. आता गंमत बघ. पन्नास मीटरची टेप धरायला दोन माणसं लागतात, आणि सकाळी सहाला मैदानावर मी एकटा. टोकावर दगड ठेवला, दगड घसरला. फाटकाजवळ कुणीतरी उभं होतं. शिंपीण. दुकान उघडण्याआधी रोज पळायला येते म्हणे, बाकावर बसवल्यानंतरही. मला माहीतच नव्हतं. ती काही न विचारता आली, टोक उचललं आणि गोलच्या रेघेवर अंगठ्याने दाबून धरलं.

दहा मीटर नऊ.

मी तिथे उभा राहिलो. धुकं होतं, बरं झालं. मी म्हटलं, "ही खूण चुकली आहे." ती म्हणाली, "हो."

मी म्हटलं, "हो म्हणजे?"

"म्हणजे सर, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी दिवसभर अंगाची मापं घेते. माणूस दारातून आत आला की कळतं, किती कापड लागेल. हात पसरून बघितलं, खूण जवळ वाटली."

"मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "माझे वडील तुमचा फोटो दुकानात लावायचे. तुमचं पाऊल चुकलं, हे मी सांगायचं? आणि सगळ्यांनाच थोडंथोडं माहीत होतं. पंचांना पण. ते म्हणाले, खांबाने मोजलंय ना, मग आपण कोण?"

कळतंय का तुला? माझ्या मानापायी ह्या बाईने हंगामभर गोल खाल्ले. वर माझं बोलणं खाल्लं. खेळत होतो तेव्हा कुणी मला सोडलं नाही, शंकाबाई. चुकलो की तीस हजार माणसं एका आवाजात सांगायची. तो मान होता. हा मान नव्हे, हे मला खुर्चीतच बसवणं होतं. फक्त खुर्ची मैदानात आणून ठेवली होती.

तू एकटीने उठवलंस. तेव्हा फार लागलं. अजून लागतं, बसताना.

मी तिची माफी मागितली. संध्याकाळी सगळ्यांसमोर, कारण बोललो होतो सगळ्यांसमोर. डॉक्टर म्हणाली, "सर, पुढचे शब्द जरा मोठ्याने, मागच्यांना ऐकू आले नाहीत." निर्लज्ज बाई.

नव्या रेघा टेपने मारल्या. बारा पावलं भरतात माझी, अकरा मीटरला. बारा.

तुझा,
मामा


२ एप्रिल

मामा,

फुलीऐवजी चार पानं आली. मी ती ऑफिसात वाचली, साहेबांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, डोळ्यांत पितळ गेलं. तसं काही नसतं.

आता हे विचारावंसं वाटत नाही, पण न विचारता राहवतही नाही. आधी झालेले सामने? दोन्ही संघांना तीच खूण होती, म्हणजे अन्याय सारखाच झाला, असं मी स्वतःला तीन दिवस समजावलं. पण तुमच्या डॉक्टरला त्या खुणेची सवय होती, पाहुण्यांना नव्हती. आता रेघा बरोबर आहेत. तपासनीसाला काहीच कळणार नाही. तू काही बोलला नाहीस तर मैदान पास होईल.

मी तुला काय करायचं ते सांगत नाही. मला खरंच माहीत नाही. मैदान गेलं तर तू कुठे जाशील, हा विचार करते आणि मग मला वाटतं, गप्पच राहा. हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे.

शंकाबाई


५ मे

शंकाबाई,

तुझं खोडायचं राहिलेलं वाक्य मी दोनदा वाचलं. फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यासाठी चुकायला तयार झालीस.

तपासनीस वीस तारखेला आला. बुटका, हसरा, गळ्यात शिट्टी. त्याने टेप काढायच्या आधीच मी सगळं सांगितलं. पोस्टमास्तर माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. तपासनीस म्हणाला, "साहेब, स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन आलेले तुम्ही पहिलेच. मला तर याचा अर्जसुद्धा माहीत नाही." मग त्याने वर्षाचे निकाल मागवले. निव्वळ पेनल्टीवर फिरलेला सामना एकच निघाला, आम्ही जिंकलेला. तो पुन्हा खेळायचा ठरला. जिंकलो नाही तर हंगामातला पहिला नंबर जाणार होता. मुलींना सांगितलं. कुणी कुरकुरलं नाही, डॉक्टर सोडून, आणि ती सवयीने कुरकुरते.

मैदान पास झालं. पोस्टमास्तर आता घोरतात असं ऐकतो.

सामना परवाच्या रविवारी झाला. शिंपीण गोलवर. मी रेघेबाहेर, बाकावर बसलो. दुपार इतकी संथ होती की सावल्यासुद्धा चालायच्या विसरल्या होत्या. अर्ध्या तासाने त्यांना पेनल्टी मिळाली. खूण खऱ्या अकरावर. त्यांची पोरगी धावत आली, मारला, जोरात, कोपऱ्यात. आणि शिंपीण आधीच तिथे होती. तिने चेंडू पकडला, झेपावून वगैरे नाही, वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढावा तसा. नंतर म्हणाली, "सर, हंगामभर जवळून बघत होते ना. आज तो इतक्या हळू आला, की मला वाटलं झोपेतच आहे मी. शिवण दिसत होती चेंडूची."

तू आता विचारशील, हा तरी न्याय झाला का. नको विचारूस. मलाही पडला होता तो प्रश्न, मी तो बाकाखाली सारला.

शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. डॉक्टरने खऱ्या अकरावरून मारला तो आडव्या खांबावरून, आंब्याच्या झाडात. शून्य-शून्य. पहिला नंबर गेला, दुसरा आला. झाडातून चेंडू काढायला सगळ्या हसत पळाल्या, आणि पाहुण्यांच्याही पळाल्या. मी बघत राहिलो. मैदान उजेडाने भरून गेलं होतं. मला लोकांचा आवाज ऐकू येईल असं वाटलं, तसा दरवेळी येतो. आला नाही. फक्त ह्याच बायकांचा येत होता.

रविवारी ये. आईलाही आण, तिला म्हणावं खुर्ची आहे, लाकडी, फिरत नाही.

काल शिंपिणीच्या दुकानात गेलो होतो. पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धेत नीट पँट घालून उभं राहा, असं डॉक्टरचं फर्मान आहे. तिने माप घेतलं. गळ्यातली पट्टी डाव्या पायाला लावली, मग उजव्या पायाला, मग पुन्हा उजव्या पायाला. मी वर पंख्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "सर, उजवा बोटभर आखूड आहे." या वेळी लगेच म्हणाली, बरं का. मग विचारलं, "दोन्ही सारखे शिवू, की जसे आहेत तसे?"

मी म्हटलं, "जसे आहेत तसे."

तुझा,
मामा